मधल्या भिंतीतलं दार

शहराच्या त्या टोकाला जाणारी बस शेवटच्या थांब्याशी पोचेपर्यंत रिकामी झालेली असायची. ड्रायव्हर गाडी वळवून घ्यायचा, इंजिन बंद करायचा आणि स्टिअरिंगवर मान टाकून डुलकी काढायचा. कंडक्टरबाई मात्र खाली उतरायची. तिकिटांची थैली खांद्यावरून काढून सीटखाली सरकवायची, बाटलीतलं पाणी प्यायची आणि समोरच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची.

गल्लीत बघण्यासारखं काही होतं अशातला भाग नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली दुमजली घरं, दोन घरांत एकच भिंत. पलीकडचा ओतकामाचा कारखाना चालू होता तेव्हा ही घरं माणसांनी भरलेली होती म्हणे. कारखान्याला टाळं लागलं तशी माणसं पोटापाण्याच्या मागे पांगली. कोणी घर विकायचा प्रयत्न केला, घेणारा मिळाला नाही. कोणी नुसतं कुलूप घातलं आणि निघून गेलं. आता कुलपं गंजली होती, पन्हाळींतून झुडपं डोकावत होती. वरच्या मजल्यांवर कबुतरांनी संसार थाटले होते. अख्ख्या गल्लीत धूर निघणारी चार-दोनच घरं.

तिची नजर दर वेळी एकाच घरावर जायची. टोकाचं घर होतं ते. त्याला तीन बाजू मोकळ्या मिळाल्या होत्या आणि बाजूच्या भिंतीत वर एक रुंद खिडकी होती. दुपारच्या फेरीला त्या खिडकीच्या काचा उन्हात झळकायच्या. बंद घराच्या काचा इतक्या स्वच्छ कशा, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. खिडकी आवडायची, एवढंच.

तिचा नवरा डेपोत गाड्या रंगवायचा. लग्नाला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती तेव्हा तो आजारी पडला आणि गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले. सासूबाईंनी चहा केला, सगळ्यांना दिला आणि सुनेला म्हणाल्या, "जायचं तर जा. पण घाईनं जाऊ नकोस. भांडी कोणाची कुठली ते नीट बघून घेऊ." भांडी बघायला दोघी बसल्या त्या बसल्याच. त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. माहेरचे परत गेले. पुढे तिला बसवर नोकरी लागली आणि सासूबाईंचा घरातला अंमल चालू राहिला.

घर म्हणजे भाड्याची खोली. एक सोडली की दुसरी. एका घरमालकाला पाण्याचा आवाज खपायचा नाही. दुसऱ्याला जिन्यात चपला दिसल्या की त्याचं डोकं फिरायचं. तिसऱ्याच्या पुतण्याचं लग्न ठरलं आणि यांचं बिऱ्हाड हललं. नवी खोली बघायला गेलं की सासूबाई भाडं विचारायच्या नाहीत, खिडक्या बघायच्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "भिंतीला खिळा मारू देता का?" बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच यायचं. मुलाची तसबीर मग कपाटावर भिंतीला टेकून उभी राहायची आणि कपाट उघडलं की पालथी पडायची.

अशात एकदा नगरपालिकेनं डेपोच्या फळ्यावर एक कागद लावला. त्या टोकाच्या वस्तीतली मालकांनी सोडून दिलेली घरं पालिकेनं ताब्यात घेतली होती आणि राहायला येणाऱ्यांना ती अगदी थोड्या पैशांत द्यायची होती. अट अशी की घर स्वतः दुरुस्त करायचं, वर्षाच्या आत राहण्याजोगं करून दाखवायचं आणि पुढची दहा वर्षं स्वतःच तिथं राहायचं. भाड्यानं द्यायचं नाही, विकायचं नाही.

तिच्या गाडीवरचा ड्रायव्हर फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. "म्हणजे पडकं घर घ्या, कंबर मोडेस्तोवर राबा, आणि वर दहा वर्षं जागचं हलू नका," तो म्हणाला. "हे बक्षीस आहे की शिक्षा, तेवढं लिहायचं राहिलंय."

ती हसली. घरी जाऊन तिनं सासूबाईंना सांगितलं.

"दहा वर्षं हलायचं नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि कोणी हलवायचं पण नाही?"

"तसंच म्हणा."

सासूबाईंनी हातातली परात बाजूला ठेवली. "मग अर्ज कधी करतेस?"

*

टोकाचं घर बघायला तिघी गेल्या. ती, सासूबाई आणि पालिकेच्या घरखात्यातली इंजिनिअर मुलगी. त्या मुलीच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि बगलेत नकाशांची गुंडाळी. टोकाच्या घराला लागून जे घर होतं त्याच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पटाशीला धार लावत बसले होते. कारखान्यात ओतकामासाठी लाकडी साचे लागत, ते बनवण्यात यांची उमर गेली होती. गल्लीतली उरलेली माणसं त्यांना मिस्त्री म्हणत.

"हे घर बघताय?" मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"बघा. बघायला काय जातंय. छप्पर गेलंय. मोरीत साप निघतात."

इंजिनिअर मुलगी कुलपाशी झटापट करत होती. मिस्त्रींनी पटाशी उलटी केली. "आणि वर कोणीतरी चालतं. मला रोज ऐकू येतं. याआधी आलेले सगळे हे ऐकूनच परत गेले."

"बाई आहे की पुरुष?" सासूबाईंनी विचारलं.

"काय?"

"चालतं म्हणता ते. बाई असेल तर बरं. ही दिवसभर गाडीवर असते, मला घरात हाताखाली कोणी नाही."

मिस्त्रींनी पहिल्यांदा मान वर केली. सासूबाई गुडघा चोळत त्यांच्याच पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा गं वर. मला जिना नको."

खालच्या खोल्यांची अवस्था व्हायची तशीच झाली होती. गिलावा पापड्या होऊन गळला होता, मोरीची फरशी खचली होती, कोपऱ्यांत कबुतरांची घाण. साप काही दिसला नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या कुजल्या होत्या. त्या ओलांडून दोघी वर गेल्या. पुढची खोली खालच्यासारखीच होती. मागच्या खोलीचं दार मात्र ढकलताच अलगद उघडलं आणि दोघी उंबऱ्यातच थांबल्या.

फरशी झाडलेली होती. खिडकीच्या काचा पुसलेल्या. खिडकीखाली लोखंडी खाट, तिच्यावर घडी घातलेलं ब्लँकेट. खाटेशेजारी हातांची खुर्ची, बसून बसून बैठक खोलगट झालेली. खिडकीच्या कठड्यावर पत्र्याच्या डब्यांत लावलेली झाडं होती आणि त्यांची माती ओली होती. खोली उन्हानं भरून गेली होती. आणि मधल्या भिंतीत, जिथं नुसती भिंत असायला हवी तिथं, एक दार होतं. नीट चौकट बसवलेलं, पॉलिश केलेलं.

इंजिनिअर मुलीनं नकाशा उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे दार नकाशात नाही," ती म्हणाली. तिनं दार ढकलून पाहिलं. पलीकडून कडी होती.

खाली आल्यावर तिनं मिस्त्रींना सरळच विचारलं, "वरचं दार तुम्ही केलंत?"

"केलं," मिस्त्री म्हणाले.

"हे अतिक्रमण होतं, माहितेय ना? तुम्हाला नोटीस जाईल."

मिस्त्री पटाशीवरून अंगठा फिरवत राहिले. कंडक्टरबाई त्यांच्याकडे बघत होती. घर अजून तिचं झालंही नव्हतं, तरी आपल्या घरात कोणीतरी परस्पर राहून गेल्याचा राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर आला होता. पण जन्मभर दुसऱ्यांच्या नोटिशी वाचत आलेली बाई ती. नव्या घराचा पाया नोटिशीनं घालावा, हे काही तिच्या मनाला येईना.

"नोटीस नको," ती म्हणाली. "घर मला मिळालं तर दाराचं मी बघीन."

"बघा बरं का," ती मुलगी म्हणाली. "वर्षाच्या शेवटी मी तपासायला येणार. भिंत बुजवलेली नसेल तर घर तुमच्या नावावर कायम होणार नाही. बाकी सगळं चालवून घेता येईल. ते नाही."

*

घर मिळालं. खरं तर त्यासाठी दुसरं कोणी आलंच नव्हतं.

सुट्टीचा प्रत्येक दिवस आता तिथंच जायचा. ड्रायव्हर मदतीला यायचा. शिक्षेचं काम बघायला येतो म्हणायचा आणि बाह्या सरसावून राडारोडा उचलायचा. घराची वीज आणि पाणी कधीच तोडलेलं होतं. अर्ज केला होता, पण पालिका आपल्या चालीनं चालली होती. थांब्याजवळच्या नळावरून बादल्या आणायच्या आणि उजेड आहे तोवर काम करायचं, असा शिरस्ता पडला. मिस्त्री पायरीवर बसून बघायचे. बोलायचे नाहीत. मधल्या दाराला पलीकडून कडी असायची.

एकदा ती वरच्या पुढच्या खोलीत भिंत खरवडत होती. ड्रायव्हर घरी गेला होता. दिवस कलला आणि भिंतीवरचे जुन्या रंगाचे पापुद्रे दिसेनासे झाले, तरी ती हातानं चाचपत खरवडत होती. तेवढ्यात मागच्या खोलीत कडी सरकल्याचा आवाज आला. मिस्त्री लांबलचक वायर सोडत आले. वायरीच्या टोकाला दिवा होता. त्यांनी तो खिडकीच्या बिजागरीला अडकवला.

"अंधारात खरवडाल तर उद्या परत खरवडायला लागेल," ते म्हणाले.

ती अवघडून उभी राहिली. "मी तक्रार केली नव्हती," ती म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"माहीत आहे. म्हणून तर दिवा आणला."

त्या दिवसापासून ते दार कामाला लागलं. दारातून वायर आली, मग पाण्याची नळी आली. करवत आली, रंधा आला, शिडी आली. सासूबाई मिस्त्रींच्या जिन्यानं चढून यायच्या, कारण त्याला कठडा होता. वर पोचल्या की त्या हातांच्या खुर्चीत बसायच्या आणि मिस्त्रींना खाटेवर बसायला लावायच्या. दोघं चहा पीत बसायचे आणि ही गिलावा करत असायची. या चहापानात तिला सगळी हकीकत ऐकायला मिळाली.

मिस्त्रींच्या बायकोच्या पायांतली शक्ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसवा. मिस्त्रींच्या घराला पुढून-मागूनच खिडक्या. पुढे समोरच्या घरांची सावली, मागे कारखान्याची भिंत. ऊन म्हणून यायचं नाही. शेजारचं टोकाचं घर रिकामं होतं. जाताना त्या लोकांनी लक्ष ठेवा म्हणून किल्ली दिली होती. मिस्त्री बायकोला उचलून जिना उतरवायचे, शेजारच्या घरात न्यायचे, तिथला जिना चढवायचे आणि त्या खिडकीत बसवायचे. संध्याकाळी परत तीच कसरत. एक दिवस दोघं जिन्यात पडता पडता वाचले. मग त्यांनी भिंत फोडली.

"फोडायला फार वेळ लागला नाही," मिस्त्री म्हणाले. "चौकटीला लागला. घाईचं काम तिला चालायचं नाही."

"मग त्या इथंच असायच्या?" सासूबाईंनी विचारलं.

"शेवटची वर्षं इथंच. याच खाटेवर गेली." त्यांनी कप खाली ठेवला. "मला म्हणायची, हे चोरीचं ऊन आहे. मी म्हणायचो, अगं, हे घर आता कोणाचंच नाही. तर म्हणायची, आज नाही, उद्या कोणीतरी येईल. येतील त्यांच्याशी भांडू नका."

"आणि तुम्ही?"

"भांडलो नाही मी. भुतं सांगितली."

सासूबाईंना हसताना ठसका लागला. भिंतीकडे तोंड करून थापी चालवणाऱ्या सुनेचा हात मात्र थांबला होता. मग ती पुन्हा कामाला लागली.

*

मदत झाली तशी कटकटही झाली. मिस्त्रींनी तिच्या घराच्या खिडक्या करायला घेतल्या आणि हळूहळू घरच हातात घेतलं. बिजागऱ्या कुठल्या बाजूला, मोरीचा उतार किती, कपाट कुठं, सगळं तेच ठरवायला लागले. तिनं एका भिंतीत फळीसाठी जागा आखली होती. ती डेपोतून आली तेव्हा फळी दुसऱ्याच भिंतीला ठोकलेली.

"त्या भिंतीत ओल येते," मिस्त्री म्हणाले.

"मला विचारायचं होतं."

"विचारून ओल थांबते का?"

"मिस्त्री," ती शांतपणे म्हणाली, "घर माझं आहे."

मिस्त्री उठले आणि दारातून पलीकडे गेले. कडी लागली. वायर तेवढी दाराखालून चालू राहिली. त्या आठवड्यात मागच्या खोलीच्या रंगाचा प्रश्न आला. सासूबाईंनी मिस्त्रींकडून ऐकलेलं सांगितलं, त्यांची बायको होती तेव्हा ती खोली फिकट पिवळी होती. सुनेला पिवळ्याचं मुळीच प्रेम नव्हतं. तिला निळा हवा होता, नवरा गाड्यांच्या खिडक्यांखालच्या पट्ट्याला द्यायचा तसा. दोन दिवस तिनं मनाशी घोळवलं आणि निळाच दिला. कडी निघाली तेव्हा मिस्त्री बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"उन्हानं फिका पडेल," ते म्हणाले.

"पडू दे."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीचं माप घ्यायला वाकले.

वर्ष अर्धं सरलं तेव्हा खालचा मजला राहण्याजोगा झाला होता आणि पालिकेची वीजही आली होती. भाड्याची खोली सोडून त्या दोघी राहायला आल्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी एक खिळा मागितला. कुठं मारू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कुठंही मार. आधी मार तर, मग ठरवू."

मागची खोली तिनं स्वतःला घेतली. पहाटेची पाळी नसली की तिला त्या खिडकीत ऊन येईपर्यंत लोळायचं होतं. जन्मात कधी लोळली नव्हती. पण सकाळी डोळे उघडावेत तर खुर्चीत मिस्त्री बसलेले. बायको गेल्यापासून रोज सकाळी तिथं येऊन बसायची त्यांची सवय. खोलीत आता कोणी झोपतं हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही, किंवा आलं तरी पायांना कळायचं नाही. तिची चाहूल लागली की ते गडबडून उठायचे आणि ती म्हणायची, "बसा, बसा." मग अंथरूण गुंडाळायची आणि आपल्याच घरात चोरपावलांनी जिना उतरून खाली यायची. दिवसभर गाडीवर उभं राहताना तिला ते आठवायचं आणि स्वतःचाच राग यायचा. म्हाताऱ्याला काय बोलायचं? आणि नाही बोललं तर पुढची दहा वर्षं काय करायचं?

तपासणी जवळ आली तशी भिंतीची गोष्ट निघाली. सासूबाईंनी तोड काढून ठेवली होती.

"कपाट लाव दारापुढे," त्या म्हणाल्या. "ती पोरगी काय कपाट हलवून बघणार आहे?"

"नाही बघणार."

"मग झालं तर."

"आई, मी रोज लोकांना विनातिकीट म्हणून खाली उतरवते," ती म्हणाली. "आणि स्वतःच्या घरात कपाटामागे दार लपवू?"

"तिकिटाचं इथं काय? माणसाचं बोलतेय मी."

तिकिटाची गोष्ट खरी होती, पण तेवढीच खरी नव्हती हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ती मिस्त्रींच्या पुढच्या दारानं त्यांच्याकडे गेली. मिस्त्री रंधा मारत होते. तिला पुढच्या दारात बघून त्यांनी रंधा खाली ठेवला. काहीतरी बोलायला आली आहे हे ते समजले.

"भिंत बुजवायची आहे," ती म्हणाली.

"हो. दिवस जवळ आले."

"पालिका सांगते म्हणून नाही, मिस्त्री. पालिकेनं सांगितलं नसतं तरी मी आज ना उद्या आले असते. मला ती खोली माझी हवी आहे. सकाळी उठावं तर खोलीत कोणी नसावं, असं मला वाटतं. तुम्ही वीज दिलीत, पाणी दिलंत, खिडक्या केल्यात. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतेय. फार वाईट वाटतंय, पण सांगतेय."

मिस्त्रींनी रंध्यात अडकलेला भुसा बोटानं काढला. पुष्कळ वेळ काढत राहिले. मग म्हणाले, "तिलाही हेच हवं असतं. ते दार तिला शेवटपर्यंत रुचलं नाही." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही झोपलेल्या असता ते मला दिसायचं. दिसायचं, पण पाय वळायचे नाहीत."

निघताना ती म्हणाली, "पुढचं दार आहे. ते उघडंच असतं."

मिस्त्रींनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही.

भिंत बुजवायला गवंडी यायच्या आधी मिस्त्रींनी चौकट स्वतः सोडवली. लाकूड चांगलं होतं, पहारीनं फुटलं असतं. खुर्ची आणि खाट त्यांनी आपल्याकडे नेली. झाडांच्या डब्यांना हात लावला आणि मागे घेतला. "ही तिकडे जगायची नाहीत," ते म्हणाले. डबे कठड्यावरच राहिले. दिवस मावळेपर्यंत भिंत पुरी झाली. त्या आठवड्याच्या शेवटी इंजिनिअर मुलगी आली, सगळं घर फिरली, भिंतीवर हात फिरवून तिनं बोटांना लागलेला चुना झटकला आणि घर कायम केलं.

*

त्यानंतर मिस्त्री दिसेनासे झाले. पलीकडून रंध्याचा आवाज यायचा, खोकला ऐकू यायचा, पण पायरीवर कोणी नसायचं. सासूबाईंचा सगळा राग सुनेवर. त्या मुद्द्यापुरतंच बोलायच्या. मीठ संपलंय, दूध उतू गेलं, बस उशिरा आली का. एकदा भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "घर मिळालं आणि शेजारी गेला." तिनं ऐकून घेतलं. सकाळी खोलीत आता कोणी नसायचं. ऊन यायचं, ती लोळायची. लोळणं तिला वाटलं होतं तितकं गोड लागत नव्हतं, पण ते आपलं होतं, एवढं खरं.

थंडी सुरू झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी पुढचं दार वाजलं. दार उघडंच होतं, तरी वाजलं. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर उभे होते. हातात पेचकस होता.

"खिडकीची बिजागरी करकरते का, बघायला आलो होतो," ते म्हणाले.

बिजागरी कधी करकरल्याचं तिला आठवत नव्हतं. "करकरते थोडी," ती म्हणाली. "वर चला."

मिस्त्री जिन्याशी थांबले. वर्षभर ते या घरात वावरले होते, पण भिंत फोडल्यापासून या जिन्यानं वर जायची वेळ फारशी आली नव्हती. नव्या कठड्याचा अंदाज घेत ते चढले. सासूबाई आधीच वर होत्या. त्यांनी आपल्या बसायच्या खुर्चीतून उठून ती खिडकीकडे ओढली. "बसा," त्या म्हणाल्या. "इतके दिवस कुठं तोंड लपवून बसला होतात?" मिस्त्री बसले. त्यांनी निळ्या भिंतीकडे पाहिलं, झाडांच्या डब्यांतली माती बोटानं तपासली, आणि मग डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं. कंडक्टरबाई चहा टाकायला खाली गेली.

तेव्हापासून त्यांचं येणं सुरू झालं. रोज नाही. दार वाजवून, आणि ती उठून खाली आल्यावर.

पुढच्या वर्षी समोरचं घर ड्रायव्हरनं घेतलं. स्वतःला शिक्षा करून घेतली म्हणायचा. मग इस्पितळातली एक नर्स आपल्या बहिणीला घेऊन आली. केस कापणाऱ्या दोघा भावांनी मधलं एक घर घेतलं आणि खाली दुकान थाटलं. सगळ्यांच्या खिडक्या-दारं मिस्त्रींकडून व्हायला लागली. पायरीवर बसून घरं बघायला येणाऱ्यांना ते आता खरीखुरी माहिती द्यायचे. या घराचं छप्पर बरं आहे पण मोरी बदला, त्या घराची तुळई वाळवीनं खाल्लीय, हात लावू नका. पण मागची भुतं सहजासहजी जाईनात. एकदा एक जोडपं आलं आणि बायको हळूच म्हणाली, "या बाजूला वर कोणीतरी चालतं म्हणतात. खरं आहे का?"

मिस्त्रींनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. "खरं आहे," ते म्हणाले. "मीच चालायचो."

सगळंच नीट झालं असं नाही. ते जोडपं आलं खरं, पण काम आणि खर्च झेपला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी घर पालिकेला परत केलं आणि त्याला पुन्हा कुलूप लागलं. गल्लीच्या मधोमध अजून तीन-चार घरं तशीच आहेत. नर्सबाई आणि केसवाल्या भावांचं गटारावरून वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

एकदा कंडक्टरबाईला ताप आला. नोकरीत तिनं रजा क्वचितच घेतली होती, आणि घेतलीच तर कोणाच्या तरी मयताला नाहीतर खोली बदलायला. आता सासूबाईंनी तिला उठूच दिलं नाही. कामाच्या दिवशी भर सकाळी ती आपल्या अंथरुणात पडून राहिली होती. कामाच्या दिवशी या वेळी गल्ली कशी असते हे तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं, आणि आताही नुसतं ऐकतच होती. कोणीतरी नळ सोडून विसरलं होतं. केसवाल्यांच्या दुकानात रेडिओ लागला होता. ड्रायव्हरची बायको मुलीला शाळेसाठी हाका मारत होती आणि मुलगी एक मोजा शोधत होती. तो मोजा सापडेपर्यंत सगळ्या गल्लीला त्याचा रंग कळला. खाली मिस्त्री आणि सासूबाई लोणी ताजं की शिळं यावर वाद घालत होते. मग थांब्यावर बस लागली. तिच्या जागी दुसरा कंडक्टर होता. "उतरा, उतरा, शेवटचा थांबा," तो ओरडला, आणि पायऱ्यांवरून बरेच पाय धडधडत उतरल्याचं तिला ऐकू आलं. किती माणसं उतरली असतील याचा अंदाज करता करता तिला झोप लागली.